सगळा गुन्हा हवेचा

आमच्या पोलीस पाटलांनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाला गुन्हेगार मानलं नाही. गुन्हे होतात हे त्यांना कबूल होतं, ते कुणाच्या ना कुणाच्या हातून होतात हेही कबूल होतं. पण करवून घेते ती हवा, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कोंबडी चोरीला गेली, बांध कोरला गेला, दोघांनी एकमेकांची डोकी फोडली, कुणाची सून रागानं माहेरी निघून गेली, की पाटील आधी आभाळाकडे बघत आणि मग माणसाकडे. आभाळाकडे बघून झालं की निम्मा तपास संपलेला असे. हवेला बेड्या घालण्याची काही सोय सरकारनं करून ठेवलेली नाही, एवढीच त्यांची सरकारविरुद्ध तक्रार होती. तेवढी सोय झाली असती तर मावळ तालुक्यात रामराज्य आलं असतं, असं ते मला अगदी गंभीरपणे सांगत आणि मी हसलो तर रागावत.

लढाई सुरू व्हायच्या आधी काही वर्षं मी तिकडे लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर होतो. मळवली स्टेशनावर उतरायचं आणि लोहगडाकडे तोंड करून अर्धा-पाऊण तास चालायचं, की आमचं गाव लागे. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या मला तिथं पहिल्या दिवशी रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. तेव्हा या पाटलांनी माझी वळकटी स्वतःच्या खांद्यावर टाकून मला आपल्या घरी नेलं आणि ओसरीलगतची खोली दिली. भाड्याचं नाव त्यांनी कधी काढू दिलं नाही. त्यांना भाडेकरू नकोच होता, ऐकणारा हवा होता. गावानं त्यांचं हवापुराण इतक्यांदा ऐकलं होतं की ते बोलायला लागले की लोकांना घरची गुरं आठवायची. मी नवा होतो, आणि संध्याकाळी मला जायला दुसरं ठिकाण नव्हतं. सगळं गाव त्यांना आबा म्हणे, मीही आबा म्हणू लागलो. उंच, हाडापेरानं दणकट माणूस, डोक्याला लाल पागोटं, आणि मिशा अशा की दमट दिवसांत खाली उतरत नि कोरड्या दिवसांत आपोआप वर चढत. आज वाळवण घालावं की नाही, हे गावातल्या बायका आबांच्या मिशा बघून ठरवत असत.

पण मिशांवर खुद्द आबांचा भरवसा नव्हता. त्यांचा भरवसा होता पापडावर. रोज सकाळी पाटलीणबाई, ज्यांना मी मावशी म्हणत असे, चुलीतल्या निखाऱ्यावर उडदाचा एक पापड भाजत आणि पितळी ताटलीतून ओसरीच्या कठड्यावर आणून ठेवत. कावळ्यांपासून त्याची राखण करायला आबा स्वतः काठी घेऊन बसत. जेवणाची वेळ झाली की त्यावर अंगठा दाबत. कडकन मोडला, तर आबा पायताण चढवून गावात फेरी मारायला निघत, कारण कोरड्या हवेत माणसाचं डोकंही असंच कडकन जातं. नुसताच वाकला, तर समाधानानं मान हलवून म्हणत, "सादळला. मानसं बी सादळली आसतील. जेवून झोपा मास्तर, आज काय हुत न्हाई." मग तो पापड म्हशीला मिळे. आबा त्याचा तुकडासुद्धा तोंडात घालत नसत, कारण ते सरकारी काम होतं. एकदा शाळा तपासायला आलेले डेप्युटी साहेब ओसरीवर टेकले आणि समोरचा पापड आपल्यासाठीच ठेवला आहे अशा समजुतीनं बोलता बोलता त्यांनी तो संपवला. आबा पाहुण्याला काय बोलणार? पण साहेबांची पाठ वळल्यापासून ते अंगणात अस्वस्थपणे येरझारा घालत होते. योगायोग असा, की त्याच संध्याकाळी विहिरीवर दोन बायकांनी एकमेकींच्या घागरी फोडल्या, आणि आबांनी पंचांसमोर त्या भांडणाचं खापर सरळ शिक्षण खात्यावर फोडलं.

कुठल्या महिन्यात कुठला गुन्हा पिकतो हे त्यांना पाठ होतं. वैशाखात बांध कोरले जातात, कारण उन्हात बघितलं की माणसाला आपलं शेत आक्रसल्यासारखं वाटतं. आषाढात चोरी होते ती फक्त भाताच्या रोपांची, कारण ज्याचं रोप पाण्यानं वाहून गेलं तो आवणीला हात हलवत कसा जाणार? असल्या चोरीला आबा चोरी म्हणतच नसत. त्यानं रोप लावलंच की, खाल्लं तर नाही, असा त्यांचा युक्तिवाद. श्रावणात सरी थांबून उघडीप लांबली, की वरच्या खाचरातलं पाणी आपण होऊन खालच्या खाचरात जातं आणि त्या वेळी तिथं कुणाचं तरी फावडं पडलेलं असतं, एवढंच. भाद्रपदातलं ऊन सासवासुनांना सोसत नाही. थंडीत घोंगड्या जातात. उगवतीचा वारा सुटला की लोक खोटं बोलतात, आणि मावळतीचा सुटला की खरं बोलून पस्तावतात. मला एकदा पगार उशिरा आला तेव्हाही त्यांनी कारकुनाला दोष दिला नाही, पुण्याकडच्या ढगांना दिला.

धुक्याला मात्र ते मनापासून भीत. आमच्याकडे धुकं उतरलं की लोहगड, विसापूर, देऊळ, शाळा, सगळं पुसलं जाई. मुलं एकमेकांना हाका मारत शाळेत येत आणि मी चेहरा न बघता आवाजावरून हजेरी घेई. अशा धुक्यात माणसाला वाटतं की आता देवही आपल्याला बघत नाही, असं आबा म्हणत. एका पावसाळ्यात कोंबडी पळवल्याबद्दल एकाला धरून आणलं होतं. आबांनी त्याला काय केलंस, का केलंस, काही विचारलं नाही; कधी केलंस आणि धुकं किती होतं, एवढंच विचारलं. तो गडीही आबांच्याच गावचा. "लय दाट हुतं आबा," तो म्हणाला. "मला कोंबडी दिसलीच न्हाई. रश्श्यात पडली तवा कळलं." आबांनी त्याला सोडून दिलं आणि कोंबडीवालीला आपल्या घरची दुसरी कोंबडी दिली. धुक्याच्या अशा गुन्ह्यांपायी मावशींचं खुराडं कधी भरलेलं मी पाहिलं नाही.

तालुक्याच्या फौजदारांना हे कसं रुचावं? त्यांना माणसं हवी असत, आणि आमचे पाटील त्यांना ऋतू देत. एकदा ऐन चैत्रात, डोकं फुटल्याच्या तक्रारीवरून, फौजदार भर दुपारी घोडीवरून आले. आबांनी जबाब द्यायला सुरुवात केली ती वाऱ्याच्या दिशेपासून. मी गुन्हा विचारलाय, पंचांग नाही, असं फौजदार ओरडले. आबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की साहेब, या उन्हात तुम्ही जे बोलताय तेही तुम्ही बोलत नाही. मग त्यांनी फौजदारांना जिरं घातलेलं ताक दिलं, माजघरात गार जमिनीवर घोंगडी अंथरून दिली, आणि उन्हं कलेपर्यंत कुणाचाही जबाब घेऊ नये, तो कायद्यात बसणार नाही, असं बजावलं. फौजदार झोपले. उठून बाहेर आले तेव्हा ज्याचं डोकं फुटलं होतं तो आणि ज्यानं फोडलं होतं तो, असे दोघे मिळून त्यांच्या घोडीला खरारा करत होते. फौजदारांनी त्या दोघांकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि ते मुकाट्यानं घोडीवर बसून निघून गेले.

हीच आबांची रीत. "हवा पालटू द्या," हे त्यांचं ब्रीदवाक्य. हवा पालटेपर्यंत निवाडा नाही, पंचनामा नाही, कुणाला बोलावणं नाही, कुणाकडे जाणं नाही. डोंगरावरच्या वाडीतली एक म्हातारी शेळी चोरीला गेली म्हणून भर पावसात आली. आबांनी तिला झड ओसरेपर्यंत घरीच ठेवून घेतलं, आणि झड ओसरली त्या दिवशी शेळी आपल्या पायानं वाडीत परत गेल्याचा निरोप आला. असं काही झालं की आबा माझ्याकडे अशा नजरेनं बघत, जणू शेळीला त्यांनीच समन्स पाठवलं होतं. आणि खरं सांगायचं तर दहांतल्या आठ भांडणांना ही रीत लागू पडे. थांबल्यानं माणसं निवतात. पण मावशी एकदा भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या होत्या, "हवा पालटती वो मास्तर. तवर मानूस थांबाया पायजेल." त्या वेळी मला वाटलं, त्या शेळीवाल्या म्हातारीबद्दल बोलतायत.

आबांना एक धाकटा भाऊ होता. त्याचं नाव ते घेत नसत, 'धाकला' म्हणत. मी राहायला गेलो त्याच महिन्यात त्यांनी मला त्याची हकीकत सांगितली होती. वैशाखातलं ऊन, आग ओतत होतं, दोघांचीही डोकी तापलेली. शब्दानं शब्द वाढला, आबांचा हात उठला आणि धाकला घर सोडून मुंबईला गेला. गिरणीत लागला, तिकडंच त्यानं संसार मांडला. पुन्हा गावात पाऊल टाकलं नाही. "वैशाखच तसला हुता त्या साली," आबा म्हणायचे. "झाडावरची पाखरं पडत हुती, तितं मानसाचं काय." ही गोष्ट ते वर्षातून दोन-तीनदा तरी सांगत, आणि दर वर्षी त्यातलं ऊन थोडं वाढत जाई. मी असताना ते पाखरांवरून वानरांवर आलं होतं. गोष्ट सुरू झाली की मावशींना आत काही तरी काम निघे. आबांचा सगळा हवेचा सिद्धांत या वैशाखातून निघाला, हे मला लवकरच कळलं होतं. त्यात चुकीचं काही आहे असं मला वाटलं नाही.

वाटणीत धाकल्याकडे गेलेलं खाचर ओढ्याच्या वरच्या अंगाला होतं. आवणीचे दिवस आले की आबा आधी ते लावून घेत, आपली खाचरं मागाहून. दोघांच्या मधल्या बांधाची डागडुजी ते दोन्ही अंगांनी स्वतः करत. इरलं पांघरून, पावसात वाकून चिखल थापणारे आबा मला शाळेच्या खिडकीतून दिसत. त्या खाचराचं भात वेगळं झोडलं जाई, वेगळ्या कणगीत पडे, आणि पुढच्या वर्षीचं आलं की मगच मागचं घरात खाल्लं जाई. गावात दोन मतं होती. काहींचं म्हणणं, पाटील भावाची जमीन गिळणार. काहींचं म्हणणं, म्हातारा खुळा आहे. मला वाटे, की हेही त्यांच्या बाकीच्या खुळांपैकीच एक, आणि मी त्याची नक्कल करून पुण्यात मित्रांना हसवीत असे.

माझ्या तिथल्या मुक्कामाचं ते शेवटून दुसरं वर्ष असेल. मार्गशीर्ष होता. भात कापून खळ्यावर आलं होतं, झोडणी चालू होती. त्या दिवसांतली मावळची हवा ज्यानं अनुभवली आहे त्याला मी सांगायला नको, आणि ज्यानं नाही त्याला सांगून उपयोग नाही. कोवळं ऊन, लोहगडाची तटबंदी डोळ्यांसमोर उभी, ओढ्याला अजून पाणी, आणि गावभर नव्या आंबेमोहराचा वास. रविवार होता. मी ओसरीवर वह्या तपासत होतो, आबा काठी घेऊन पापडाची राखण करत होते. एवढ्यात भिकू आला. भिकू आणि सोपान हे दोघे भाऊ आमच्याच आळीतले. आईबाप लवकर गेले, थोरल्या भिकूनं धाकट्या सोपानला वाढवलेलं. खळ्यावर पेंढ्याच्या वाटणीवरून दोघांची बोलाचाली झाली होती. भाऊ स्वतःकडं जास्त ओढतो, असं सोपान चार माणसांत म्हणाला, आणि भिकूनं हातातल्या दांडक्यानं त्याच्या खांद्यावर मारलं. वर चालता हो म्हणाला. सोपान खरंच चालता झाला. कपड्यांचं गाठोडं बांधून, दुपारच्या गाडीनं मुंबईला जातो असं शेजारणीला सांगून, तो मळवलीच्या वाटेला लागला होता.

भिकू घाबरला होता. पण घाबरण्यापेक्षा तो वाट बघत होता. आबांनी वर बघावं, हवेला दोन शिव्या घालाव्यात आणि आपल्याला मोकळं करावं, यासाठी तो आला होता. गावातला जो तो याच आशेनं त्या ओसरीची पायरी चढत असे.

"ऊन लय हुतं आबा," भिकू म्हणाला. "डोस्कं तापलं."

आबा उठले. खांबाला धरून त्यांनी आभाळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. नाव ठेवायला कुठं जागा नव्हती. निळं, स्वच्छ, वारा असून नसल्यासारखा. आबा पार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिले. कुठं एखादा ढग, थोडा उष्मा, एखादी वावटळ, काहीतरी सापडेल म्हणून ते शोधत होते, आणि त्यांना सापडत नव्हतं. मला पहिल्यांदाच त्यांची गंमत वाटली नाही.

"पापड तरी बगा की आबा," भिकू काकुळतीनं म्हणाला.

आबा ताटलीकडे वळून पुन्हा खाली बसले. अंगठा त्यांनी दाबला नाही. पापड उचलला, मोडला आणि तोंडात घातला. इतक्या वर्षांत तो पापड त्यांनी खाल्लेला मी कधी पाहिला नव्हता. सावकाश, सगळा खाल्ला. मावशी पिठाच्या हातानं दारात येऊन उभ्या होत्या.

"पापड चांगला हाय," आबा म्हणाले. "हवा बी चांगली हाय, भिकू. हिच्यात काय खोट न्हाई. त्या दिशी बी अशीच हुती."

मग ते माझ्याकडे वळले. "वैशाख न्हवता, मास्तर. मार्गशीरच हुता. असंच खळं हुतं. धाकला म्हनला, दादाची रास मोठी. अन् म्या समद्यांम्होरं त्याच्या तोंडात दिली. ऊन न्हवतं, वारं न्हवतं, कायसुदीक न्हवतं. मीच हुतो."

आबा बोलतच राहिले, पण आता ते आमच्याशी बोलत नव्हते. धाकल्यानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि तो निघाला. आपण खळ्यावर बसून राहिलो. आता रागात आहे, हवा पालटली की येईल, असं म्हणून बसलो. स्टेशन एवढं जवळ, गाडीला चांगला अवकाश होता, गाडीची शिट्टीसुद्धा खळ्यावर ऐकू आली. आपण गेलो नाही. हे सगळं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. मावशींनी पदराला हात पुसले आणि त्या एवढंच म्हणाल्या, "आता तरी उटा."

आबा उठले ते बोडक्या डोक्यानं. पागोट्याशिवाय पोलीस पाटील रस्त्यानं चाललेले गावानं तोवर पाहिले नव्हते. लोक खळ्यांवरून माना वर करून बघत राहिले. पुढं आबा, मागं भिकू आणि त्याच्यामागं हातात अजून लाल शाईची लेखणी असलेला मी, अशी आमची वरात बांधाबांधांवरून मळवलीला निघाली. सोपान फलाटावर कडेला गाठोडं ठेवून उभा होता. आबांनी भिकूला पुढं ढकललं, पण भिकू खाली मान घालून फलाटच निरखत राहिला. तिकडून गाडी दिसायला लागली. तेव्हा आबांनी काय करावं? ते गेले आणि सोपानच्या गाठोड्यावर मांडी घालून बसले.

"उटा आबा, गाडी आली," सोपान म्हणाला.

"येऊ दे. जाईल. मी हितनं उटत न्हाई."

गाडी आली. स्टेशनमास्तर धावत आले, त्यांना आबांनी हे सरकारी काम असल्याचं सांगितलं. डब्यांतून लोक डोकावून बघत होते; एक उघड्या डोक्याचा मिशाळ म्हातारा गाठोड्यावर ठाण मांडून बसला आहे आणि एक तरणा पोर ते गाठोडं ओढू बघतो आहे. गाडी सुटली. शेवटचा डबा गेल्यावर सोपान मटकन खाली बसला, आणि मग भिकूच रडायला लागला. थोरला रडतोय म्हटल्यावर धाकटा उठून त्याच्याजवळ आला. त्यानंच त्याची समजूत घालायला सुरुवात केली. परतताना गाठोडं भिकूच्या डोक्यावर होतं. आबा मात्र फलाटावरच उभे राहिले होते, गाडी गेली त्या दिशेला बघत. मी त्यांच्यासाठी थांबलो. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, मुंबईची गाडी रोज आसती न्हवं?" मी म्हटलं, रोज असते, आबा. जन्मभर त्या रुळांशेजारी राहिलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही.

झोडणी उरकल्यावर धाकल्याच्या कणगीतलं भात कांडून, तांदळाचं पोतं घेऊन आबा मुंबईला गेले. पत्ता कुणाला विचारावा लागला नाही. चाळ, मजला, खोली, त्यांना सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले आणि ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसले. मावशींनी पाणी दिलं ते हातातच राहिलं. धाकला भेटला होता. केस पिकलेत म्हणाले. त्यानं या म्हटलं, बसा म्हटलं. बायकोनं पोतं उघडलं, त्यानं मूठभर तांदूळ घेऊन हुंगले आणि वरच्या खाचरातले का, म्हणून विचारलं. आबांनी मान हलवली. जेवण झालं. निघताना जिन्यापर्यंत पोचवायला तो आला आणि तिथं त्यानं एकच विचारलं.

"म्हनला, दादा, गावाकडं हवा कशी हाय?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

आबा हातातल्या पाण्याकडे बघत होते. "काय न्हाई. जलमभर हवाच बगितली मास्तर, अन् त्यानं इचारलं तवा तोंडातनं शबूद निगंना. नुसता हुबा राह्यलो. मग गाडीची येळ झाली."

त्यानंतर कठड्यावर पापड ठेवला गेला नाही. गावाची मोठीच पंचाईत झाली. आता कुणाची कोंबडी गेली तर कोणी घेतली ते विचारावं लागे, आणि घेणाऱ्यालाही ती आपणच घेतली असं सांगावं लागे. मला वाटलं होतं, भांडणं वाढतील. तसं काही झालं नाही. फक्त ओसरीवर पूर्वीसारखं हसू राहिलं नाही, आणि खरं सांगतो, मला त्या जुन्या हवेची, धुक्यात रश्श्यात पडलेल्या कोंबडीची फार आठवण येई. आबा मात्र आता रोज मुंबईकडून येणाऱ्या गाडीच्या वेळेला मळवलीला जात. कुणी विचारलं तर, हवा बघायला जातो, म्हणत. पावसाळा आला, वरचं खाचर आधी लावलं गेलं, बांध दोन्ही अंगांनी थापला गेला. आबा इरलं घेऊन फलाटावर उभे राहत आणि गाडी गेली की परत येत.

पुढच्या मार्गशीर्षात माझी बदली झाली. मला पोचवायला आबा स्टेशनावर आले. वळकटी पुन्हा त्यांच्याच खांद्यावर होती. मुंबईकडून गाडी आली, मला तिनंच पुण्याला जायचं होतं. दोन-चार माणसं उतरली. आबांनी प्रत्येकाकडे नीट बघून घेतलं आणि मग माझी वळकटी आत टाकली. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण त्यांनी पडू दिलं नाही. काही तरी बोलायला हवं म्हणून मी डब्याच्या दारातून विचारलं, "आबा, आज हवा कशी आहे?"

त्यांनी वर पाहिलंच नाही. गाडी जिकडून आली होती त्या रुळांकडं बघत म्हणाले, "लय चांगली हाय मास्तर. असल्या हवंत मानूस घरला येतो."

मग गाडी सुटली. पुढं लढाई आली, माझ्या बदल्यांवर बदल्या होत गेल्या, आणि धाकला आला की नाही हे मला कधी कळलं नाही. मळवलीवरून नंतर कितीदा तरी गेलो, पण दर वेळी गाडी नेमकी त्या फलाटाशी न थांबणारी असे, किंवा मी तशीच निवडत असेन. पण अजूनही मार्गशीर्षात अशी एखादी सकाळ उजाडते, ऊन कोवळं असतं, वारा असून नसल्यासारखा असतो, आणि मी घराचं दार सताड उघडं टाकून बसतो. घरातली विचारतात, आज कुणी येणार आहे का? मी सांगतो, हवा चांगली आहे.